मोर, क्रॉमवेल आणि नोंदीतली शिवण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘वूल्फ हॉल’ या हिलरी मँटेल यांच्या, आठव्या हेन्रीच्या काळातल्या इंग्लंडवरच्या कादंबरीविषयी मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देते. तुमचे आक्षेप तीन. मँटेल यांनी थॉमस मोरसारख्या संताला क्रूर ठरवलं. थॉमस क्रॉमवेलसारख्या, राजाच्या कारस्थानी मंत्र्याला नायक केलं. आणि ‘तो’ म्हणजे कोण, हे शंभर पानं वाचूनही कळत नाही. अशा कादंबरीला मी ‘इतिहासाशी प्रामाणिक’ म्हणावं, हे तुम्हाला खटकलं.

आधी मोर. आपल्या मनातला मोर बराचसा रॉबर्ट बोल्ट यांच्या १९६०च्या नाटकातून आणि त्यावरच्या १९६६च्या चित्रपटातून आलेला आहे. खरा मोर ऑक्टोबर १५२९ ते मे १५३२ लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाचा वरिष्ठ न्यायमंत्री, होता आणि तेवढ्या काळात इंग्लंडात सहा जणांना पाखंडी ठरवून जाळलं गेलं. त्यांपैकी जॉन ट्यूक्सबरी हा लंडनमधला चामड्याचा व्यापारी. त्याच्याइतका जाळायच्या लायकीचा दुसरा कोणी नव्हता, अशा अर्थाचं वाक्य मोरने स्वतःच्या छापील ग्रंथात लिहून ठेवलं आहे. हा अस्सल कागद झाला. मोरने चेल्सीतल्या आपल्या बागेत लोकांना झाडाला बांधून फटके मारवले, ही गोष्ट मात्र जॉन फॉक्सच्या १५६३च्या ग्रंथातली. घटनेनंतर तीस वर्षांनी, कट्टर प्रोटेस्टंट माणसाने लिहिलेली. मोरने तसले आरोप १५३३मध्येच नाकारले होते. घरातला एक पोरगा आणि एक वेडसर माणूस, एवढ्या दोघांनाच मार देववला असं त्याने म्हटलं. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. मँटेल यांच्या कादंबरीत हे दोन्ही क्रॉमवेलच्या नजरेतून, एकाच सुरात येतं. तेवढ्यापुरता तुमचा आक्षेप रास्त आहे. पण जाळण्याचं समर्थन करणारा मोर त्यांनी पदरचा घातलेला नाही.

त्यांची पद्धत बघायची तर १ नोव्हेंबर १५२९चा प्रसंग घ्या. राजाचा मुख्य मंत्री आणि क्रॉमवेलचा धनी कार्डिनल वुल्सी पदच्युत होऊन लंडनजवळच्या एशरला आलेला. त्याचा सेवक जॉर्ज कॅव्हेंडिश याने पुढे वुल्सीचं चरित्र लिहिलं. त्यात हा आँखों देखा प्रसंग आहे: मोठ्या खिडकीशी क्रॉमवेल हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभा आहे आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. कॅव्हेंडिशने विचारलं तर तो म्हणतो, आयुष्यभर कष्ट करून मिळवलेलं सगळं धन्याच्या सेवेपायी जाणार. आता दुसरा कागद. जुलै १५२९च्या क्रॉमवेलच्या मृत्युपत्रात ॲन आणि ग्रेस या मुलींच्या नावे तजवीज आहे आणि नंतर तो मजकूर काट मारून रद्द केलेला आहे. मुली नेमक्या कधी आणि कशाने गेल्या, हे त्यात नाही. मँटेल यांनी मुलींचे मृत्यू नोव्हेंबरच्या आधी घडवले आणि हातातलं पुस्तक मेलेल्या बायकोचं केलं. पानं उलटताना त्याला ग्रेसच्या बोटांचा स्पर्श जाणवतो. इतक्यात कॅव्हेंडिश आत येतो आणि क्रॉमवेल त्याला नोंदीतलं तेच कारण देतो. कॅव्हेंडिशची साक्ष जशीच्या तशी राहते, फक्त ती अपुरी ठरते. ‘प्रामाणिक’ म्हणताना माझ्या मनात हे होतं. नोंद जिथे संपते तिथूनच शिवण घातली आहे आणि शोधणाऱ्याला ती दिसते.

क्रॉमवेलवर पांघरूण घातलं, हा तुमचा आरोप मात्र मला मान्य आहे. फक्त ते पांघरूण तुम्ही दाखवलंत तिथे, म्हणजे मोरच्या खटल्यात, नाही. दुसऱ्या खंडात, ‘ब्रिंग अप द बॉडीज’मध्ये आहे. ३० एप्रिल १५३६ला वादक मार्क स्मीटनला क्रॉमवेलच्या घरी आणलं गेलं आणि राणी ॲन बुलिनबरोबर व्यभिचाराच्या आरोपाखाली पकडलेल्या पुरुषांपैकी गुन्हा कबूल करणारा तो एकटाच. त्याच्या डोक्याभोवती गाठींची दोरी आवळली, असं एक स्पॅनिश बखर सांगते. त्याचे हाल केल्याची कुजबूज इतरत्रही आहे. मँटेल त्याला नाताळचं सामान ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत कोंडतात. तिथल्या मोरपिसांच्या पंखांना आणि ताऱ्याच्या टोकांना घाबरून पोरगा सकाळी बोलू लागतो. प्रसंग लिहिलाय अप्रतिम. पण फॉक्सची ऐकीव गोष्ट मोरच्या विरोधात चालते आणि तशीच ऐकीव गोष्ट क्रॉमवेलच्या विरोधात चालत नाही, हा दुजाभाव आहेच.

त्याच खंडातली सगळ्यात मोठी कल्पित गोष्ट सूडाची. वुल्सी मेल्यावर, जानेवारी १५३१मध्ये, त्याला नरकात नेण्याचं सोंग झालं होतं, असं पवित्र रोमन सम्राटाचा इंग्लंडमधला वकील शापुई लिहितो. सोंग कोणी घेतलं ते त्यात नाही. मँटेल कार्डिनलच्या चार हातापायांना चार सरदार लावतात आणि पाच वर्षांनी नेमके तेच चौघे, जॉर्ज बुलिन, नॉरिस, वेस्टन आणि ब्रेरेटन, वधस्तंभाकडे जातात. कागदोपत्री एवढंच आहे की ॲनविरुद्धचं हे प्रकरण आपणच रचलं, असं क्रॉमवेलने शापुईला सांगितलं. का रचलं, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही.

राहिला ‘तो’. पहिल्या खंडात नाव न घेता आलेला इंग्रजी ‘ही’ (he) जवळजवळ नेहमी क्रॉमवेल असतो. त्यात वुल्सी, मोर, क्रॅनमर, नॉरफोक, वायट, ऑडली, रिझली, ॲन बुलिनचा बाप, सगळेच थॉमस! अडलात तर त्या ‘ही’च्या जागी क्रॉमवेल ठेवून वाचा, वाक्य बसलं नाही तरच मागे जा. सुरुवातीची पात्रांची यादी घरांप्रमाणे लावलेली आहे, तिथे खूण ठेवा. दुसऱ्या खंडात लेखिकेने स्वतःच ‘तो, क्रॉमवेल’ असं लिहून वाट सोपी केली आहे. मराठीत ही अडचण निराळीच होईल. इंग्रजी ‘ही’ राजालाही चालतो आणि लोहाराच्या पोरालाही. १५००मध्ये पटनीच्या अंगणात बापाच्या लाथा खाणारा पोरगा ‘तो’ खराच. पण एप्रिल १५४०मध्ये अर्ल ऑफ एसेक्स झालेल्या माणसाला ‘ते’ म्हणायचं का? आणि म्हणायचं तर कुठल्या पानापासून? अनुवादकाला हे आधीच ठरवावं लागेल.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे. ‘इतिहासाशी प्रामाणिक’ काढून तिथे ‘तारखा आणि ठिकाणांच्या बाबतीत काटेकोर, हेतूंच्या बाबतीत क्रॉमवेलच्या बाजूची’ असं केलं आहे, आणि स्मीटनचा परिच्छेद नव्याने जोडला आहे.