इटलीत कूलर असते का?

कूलरच्या मिस्त्रीनं सिगारेटच्या पाकिटामागे हिशेब लिहून दिला. ताट्या बदलणे, टाकीला डांबर मारणे, पंप साफ करणे, इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'फालतू वायरिंग काढणे, 150'.

त्या फालतू वायरिंगसाठी मी होळीपासून खपत होतो. स्वतःच्या घरातली, स्वतः केलेली वस्तू उपटून टाकल्याची मजुरी मी स्वतःच्या खिशातून दिली. वर सुटे नव्हते म्हणून पन्नास रुपये जास्तच गेले. 'पुढच्या टायमाले पकडून घेऊ,' असं तो म्हणाला. म्हणजे तो पुन्हा येणार आहे, हेही त्यातच कळलं.

आमच्याकडे गॅरेज आहे आणि गाडी रस्त्यावर कडुनिंबाखाली उभी असते, यावरून काय ते समजून घ्या. गॅरेजमध्ये मी असतो. तिथं माझं सोल्डरिंगचं टेबल आहे, जुन्या मिक्सरच्या मोटारी आहेत, आणि 'कधीतरी लागेल' या सदरातला माल छताला टेकला आहे. बायको त्या खोलीला गॅरेज म्हणत नाही. 'तिकडं' म्हणते. 'ते तिकडं आहेत,' असं पाहुण्यांना सांगताना तिचा आवाज जरा खाली येतो.

तर कूलर. 23 मे 2013 ला ज्या नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, त्या गावात कूलर म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पण तो चालतो कसा, हे मला या प्रकरणात इतक्या वेळा सांगावं लागलं आहे की आता आणखी एकदा सांगितल्यानं काही बिघडत नाही. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. मेच्या दुपारी आपल्याकडे हवेत आर्द्रता असते जेमतेम 15-20 टक्के, त्यामुळे पाणी भराभर उडतं, आणि बाहेरची 44 अंशांची हवा पंपानं ओल्या ठेवलेल्या ताटीतून आत येईपर्यंत 28-29 ची होते. हवा आधीच दमट असेल तर पाणी उडतच नाही. मग तोच कूलर थंडी सोडून नुसती चिपचिप वाटत बसतो.

म्हणून मी एक डबा बनवला. आर्द्रता मोजणारा सेन्सर, एक आर्डुइनो (म्हणजे हवा तसा प्रोग्राम भरता येणारी सर्किटची छोटी पट्टी), तिच्या हुकमानं चालू-बंद होणारं बटन म्हणजे रिले, आणि आकडा दाखवणारा छोटा स्क्रीन. खोलीतली आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की पंप बंद, पंखा चालू. खाली आली की पंप पुन्हा चालू. आधी निळा डीएचटी-11 लावला होता, पण तो 20 टक्क्यांच्या खाली मोजायला तयार नाही. विदर्भातली दुपार ज्याच्या हिशेबातच नाही, असा सेन्सर काय कामाचा? मग बर्डीच्या बाजारात जाऊन पांढरा डीएचटी-22 आणला, शून्यापासून शंभरपर्यंत मोजणारा. दुकानदारानं कशाला पाहिजे विचारलं. 'कूलरला' म्हणताच त्यानं आतून दुसऱ्या माणसाला बोलावलं आणि मला दाखवलं.

सेन्सर चुकतात, हे मलाही मान्य आहे. 30 मे 2024 ला आपल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले होते. देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण त्या केंद्राला कोणी फालतू वायरिंग म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

माझा डबा बिघडला नव्हता, हे मी इथं स्पष्टपणे नमूद करतो. अडचण घरच्यांची होती. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा आतल्या हवेला बाहेर जायला समोरची एखादी खिडकी उघडी लागते. आमच्याकडे मी ऑफिसला निघालो की 'थंडी बाहेर जाते' म्हणून बायको खिडक्या लावून घेते, आणि आई दाराच्या फटीला गोधडीची गुंडाळी लावते. तासाभरात खोलीत आर्द्रता 78. डबा इमानदारीनं पंप बंद करतो. मग मला फोन.

'अहो, तुमचा डबा बिघडला.'

'खिडकी उघड.'

'बाहेर पंचेचाळीस आहे. खिडकी कशी उघडू?'

असं चार दिवस चाललं आणि रविवारी सकाळी, मी घरात असताना, मला न विचारता मिस्त्री आला.

टीव्हीएसच्या मागे ताट्यांची भेंडोळी बांधलेली, डोक्याला असा दुपट्टा की फक्त डोळे उघडे. त्यानं दुपट्टा सोडला, तांब्याभर पाणी घशात ओतलं आणि खिशातून खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी काढली. कूलरला हात लावायच्या आधी तो पन्नीतला खर्रा घोटत डब्यासमोर उभा राहिला. अंगठा पन्नीवर गोल फिरत होता आणि पत्रिकेत मंगळ सापडल्यासारखा त्याचा चेहरा होत चालला होता.

'हे कायले लावलं?'

'त्यानं पंप आपोआप बंद होतो.'

'मंग चालू?'

'चालूही आपोआप होतो.'

अंगठा थांबला. 'मंग तुमी काय करता?'

या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे. त्या वेळी मात्र मी त्याला आर्द्रता समजावून सांगू लागलो. 15 टक्के, 78 टक्के, पाणी का उडतं, का उडत नाही. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

'म्हंजे उकडलं का पंप बंद करा लागते.'

'बरोबर.'

'उकडलं तं माणसाले समजते ना भाऊ. डब्याले कायले सांगा लागते?'

एवढ्यात शेजारचे काका स्टीलच्या पेल्यातला चहा घेऊन आमच्या अंगणात आले. कूलरचा मिस्त्री एका घरी आला की तो अख्ख्या गल्लीचा होतो, त्यामुळे 'याचं झालं की माझ्याकडे ये रे' हे सांगायला ते आले होते. पण डबा बघून थांबले. काकांचा माझ्यावर जुना राग आहे. त्याचं असं झालं की संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनिन असतं, त्यात थर्माकोल विरघळतो आणि त्याचा चिकट गोंद तयार होतो. नागपुरात संत्र्याच्या सालींना तोटा नाही, म्हणून मी हा प्रयोग भाच्याला करून दाखवला. भाच्यानं तोच प्रयोग काकांना करून दाखवला, त्यांच्या गणपतीच्या मखरावर. थर्माकोलचे खांब होते, नक्षीदार. आता यात माझा दोष काय? पण तेव्हापासून काका माझ्या प्रत्येक प्रयोगाकडे पुढचं मखर आपलंच आहे अशा नजरेनं बघतात.

'किती गेले याच्यात?' काकांनी विचारलं.

'हजाराच्या आत.'

'तेवढ्यात नवा पंप आला असता.'

'पंप आहे ना, काका.'

'दुसरा आला असता.'

मिस्त्रीनं खर्रा तोंडात टाकला आणि डब्याचं झाकण उघडून आत बोट दाखवलं. 'हे निळी पट्टी कोणत्या कंपनीची?'

मी खूष झालो, हे सांगायला हवं. आजवर त्या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं की याला आर्डुइनो म्हणतात, 2005 साली इटलीतल्या इव्हरेया नावाच्या गावात विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकता यावं म्हणून हे बनवलं. याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे, जगात कोणीही तो घेऊन आपापलं यंत्र बनवू शकतो.

'इटलीत कूलर असते का?'

'अं... बहुधा नसावा.'

'मंग त्याले कूलरचं काय समजते?'

काकांनी पेला कट्ट्यावर ठेवला. 'पॉइंट आहे,' ते म्हणाले.

मी खुल्या नकाशाचं पुन्हा सांगू लागलो, तर मिस्त्री म्हणाला, 'फुकट देते म्हणते ना? मंग समजून घ्या.' आणि मग तो स्क्रीनकडे वळला. 'हे अठ्ठ्याहत्तर काय आहे? व्होल्टेज?'

'आर्द्रता. याच सेन्सरनं मोजलेली.'

तो वाकला आणि त्यानं सेन्सरवर फू केली. खर्र्यासकट. आकडा सरसर चढला. 85, 91, 96. उच्छ्वासात वाफ असते, तो चढणारच. यंत्र उत्तम चालू असल्याचा याहून चांगला पुरावा नाही. पण मिस्त्री सरळ उभा राहिला आणि कोर्टात बोलावं तसं काकांकडे बघून म्हणाला, 'पाहा. फुकलं तं वाढलं.'

काकांनी चष्मा वर केला आणि त्यांनीही फुंकलं. 93. त्यांना ते कमी वाटलं असावं, कारण छाती भरून त्यांनी परत फुंकलं. 97. मुलगा आतून धावत आला, 'मला, मला!' त्याच्या मागून बायको आली. माझ्या देखत माझ्या घरच्यांनी माझ्या सेन्सरपुढं रांग लावली. काकू कुंपणापलीकडून 'काय होऊन राहिलं तिथं?' विचारत होत्या, तर काका अभिमानानं ओरडले, 'माझे सत्त्याण्णव आले!' मी त्या मशीनवर इतके महिने काम करतो आहे, घरच्यांना त्यात रस वाटला तो एवढाच.

'म्हंजे कोणाच्याबी फुकेनं चालते हे,' मिस्त्रीनं निकाल दिला आणि पक्कड काढली.

'नका काढू,' मी म्हणालो.

'त्यांना त्यांचं काम करू द्या ना,' बायको म्हणाली.

इथपर्यंतचं मी हसून सांगतो, आणि ऑफिसात दोनदा सांगितलंही. पण पुढचं मला हसून सांगता येत नाही. डब्याबरोबर त्यानं मी लावलेला गळती पकडणारा ब्रेकरही काढला. 30 मिलिअँपिअर करंट भलतीकडे जायला लागला की क्षणात वीज तोडणारा, मी डब्यापेक्षा जास्त पैसे देऊन आणलेला. का काढला? तर, 'हा घडीघडी पडते.'

'पडतो कारण कुठंतरी करंट टाकीत उतरतो. पडणं हेच त्याचं काम आहे.'

'पडला तं कूलर बंद होते ना भाऊ.'

पत्र्याची टाकी, त्यात पाणी, उन्हानं कडक झालेली वायर, आणि पाणी भरायला आलेला ओला हात. विदर्भात दर उन्हाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर कूलरच्या शॉकची बातमी येते. आपण ती वाचतो, 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. या गृहस्थानं दोन उघड्या वायरी हातानं पिळल्या, वर काळ्या टेपचा एक वेढा दिला, आणि तो जोड नेमका टाकीच्या वर लोंबत ठेवला. अर्थिंगची पिन सॉकेटात जात नव्हती, तर ती वाकवून टाकली. याला आपल्याकडे अनुभव म्हणतात. मी तेच काम स्क्रू घट्ट आवळून, नळीत वायर घालून, पुस्तकात बघून करतो, तर ते रिकामे धंदे. सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं पंप बांधला तर 'काय डोकं आहे माणसाचं!' आणि रिले लावला तर 'तिकडं'. फरक एवढाच की तो पैसे घेतो आणि मी खर्च करतो.

आणि घरचे तरी काय. अंगणातल्या तुळशीत मी ओलावा मोजणारी पट्टी खोचली होती, माती सुकली की दिवा लागणारी. तो दिवा आजतागायत लागलेला नाही. कारण आई रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालतेच, दिवा असो नसो. तिला म्हटलं, आई, आज माती ओली आहे, राहू दे. तर म्हणाली, 'तुळशीला काय विचारून पाणी घालतात का?'

ब्रेकर मी त्याच रात्री, सगळे झोपल्यावर, परत बसवला. नवीन वायर टाकली, जोड टाकीपासून लांब घेतला, पिन सरळ केली. डबा मात्र लावला नाही. तो गॅरेजमध्ये टेबलावर आहे आणि तिथली आर्द्रता मोजतो आहे. एकशेपन्नास रुपये देऊन काढलेली गोष्ट फुकटात परत लावायला माझं मन घेत नव्हतं.

परवा संध्याकाळी वादळ आलं, वळवाचा पाऊस पडला, कडुनिंबाची एक फांदी गाडीवर पडली. रात्री अख्खं घर नेहमीप्रमाणे हॉलमध्ये कूलरसमोर गाद्या टाकून झोपलं, किंवा झोपायचा प्रयत्न करत होतं. उशा ओल्या, चादरी अंगाला चिकटलेल्या, आणि कूलर जोमानं पाणी ओतत होता. सगळे जागे आहेत हे सगळ्यांना कळत होतं. बटन दाराजवळ होतं. मुलानं कूस बदलली. बायकोनं बांगड्या वाजवल्या. मी डोळे मिटून पडून राहिलो.

'अहो,' बायको शेवटी म्हणाली, 'पंप बंद करा ना. किती चिपचिप होऊन राहिलं.'

'उकडलं तर माणसाला समजतं ना,' मी म्हणालो आणि हललो नाही.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून आईचा आवाज आला, 'त्याच्या त्या डब्यानंच बिघडवून ठेवला कूलर. उद्या मिस्त्रीला बोलाव.'