बोखुमची खाण, पुण्याची राजी

महाराष्ट्रात व्हिडिओ गेमविषयी सध्या दोनच सूर ऐकू येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे आहेत की नशिबाचे हा भेद न करता, बंदी घातली आणि व्यसनाची चर्चा रंगली. पुढच्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंग क्षेत्राच्या धोरणाला मंजुरी दिली, तेव्हा ५०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक आणि २ लाख रोजगार हे आकडे सर्वत्र झळकले. रमीचे ॲप आणि चाळीस तास चालणारी कथा यांना एकाच 'गेमिंग'मध्ये कोंबून आपण एक तर धास्तावतो, नाही तर हिशेब मांडतो. त्या खेळात जग कोणते आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी जर्मनीच्या रूर खोऱ्यात राहतो. पिढ्यान्‌पिढ्या दगडी कोळशावर जगलेल्या या प्रदेशातली शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रोप येथे बंद झाली. त्याच्या बरीच वर्षे आधी, १९९७ मध्ये, शेजारच्या बोखुम शहरात पिरान्हा बाइट्स हा छोटा स्टुडिओ उभा राहिला आणि २००१ मध्ये त्याने 'गॉथिक' नावाचा खेळ आणला. ऑर्क नावाच्या राक्षसांशी युद्ध हरत चाललेल्या राजाला शस्त्रांसाठी जादुई धातुक हवे असते, म्हणून किरकोळ गुन्हेगारांनाही खाणीत लोटले जाते. कोणी पळू नये यासाठी मांत्रिक जो अदृश्य घुमट उभारतात, तो हाताबाहेर वाढून त्यांनाही आत कोंडतो. घुमटातून आत येता येते, बाहेर जाता येत नाही. कैदी पहारेकऱ्यांना मारून खाण ताब्यात घेतात आणि राजाला त्यांच्याकडून धातुक विकत घ्यावे लागते. आत तीन छावण्या आहेत: एक राजाशी व्यापार करते, दुसरी धातुकाचा ढीग साठवून घुमट फोडण्याची स्वप्ने पाहते, तिसरी दलदलीत गांजासारखे काही ओढत एका निद्रिस्त देवाची आराधना करते. नायकाला नावसुद्धा नाही, आणि पहिल्याच दिवशी त्याच्याकडे संरक्षणाचा हप्ता मागितला जातो. ऑर्क आणि मांत्रिक हा माल तर शंभर खेळांत मिळतो. या खेळाचे वेगळेपण त्यातल्या मालक, मुकादम आणि मजूर यांच्या व्यवहारात आहे, आणि ते खाणकामगारांच्या गावातच सुचू शकते, असे माझे मत आहे. निर्मात्यांनी तसे म्हटल्याचा दावा मी करत नाही.

यावरून जर्मन समाज जन्मजात शहाणा आहे, असे कोणी समजू नये. एप्रिल २००२ मध्ये एरफुर्टच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने सोळा जणांची हत्या केली, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी 'खुनी खेळां'विरुद्ध जो गदारोळ केला तो आपल्याकडच्या कोणत्याही चर्चेला लाजवील असा होता, आणि २००५ च्या आघाडी सरकारच्या करारात अशा खेळांवरच्या बंदीचा उल्लेखही झाला. तरी अंमलात आली ती वयानुसार वर्गवारी, २००३ पासून दुकानदारांवर कायद्याने बंधनकारक असलेली. पुढे २००८ मध्ये खेळ निर्मात्यांच्या संघटनेला जर्मन सांस्कृतिक परिषदेत, म्हणजे सांस्कृतिक संघटनांच्या शिखर संस्थेत, प्रवेश मिळाला. भांडण मिटले नाही, पण त्याचा विषय बदलला.

आपल्याकडे खेळाच्या आशयाचा विचार झालाच, तर तो पुराणांपाशी थांबतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा खेळ मला मनापासून आवडतो: सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ, राजस्थान आणि बाली यांच्या वास्तुशैलींचा मेळ. पण त्याचे कौतुक करताना 'आपली संस्कृती जगापुढे गेली' एवढेच म्हटले गेले, तर पुढच्या मुलांनी देवादिकांची यादीच हाती घ्यावी असा संदेश जातो. विचित्र जग निर्माण करायला महाराष्ट्राला फार लांब जावे लागणार नाही. बीडहून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या फडात गेलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल फिटेपर्यंत सुटत नाही. गॉथिकच्या घुमटाला याहून नेमके भावंड मला माहीत नाही. ही व्यवस्था दुसऱ्या ग्रहावर नेऊन ठेवा, उसाच्या जागी काहीही लावा, मुकादमाला चार हात द्या. खेळणाऱ्याला ती परकी वाटेल आणि बीडच्या खेळाडूला ओळखीची.

'हे सगळे पोट भरल्यावरचे' असे पुण्याचे मित्र म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला झटकता येत नाही. पिरान्हा बाइट्स स्वतः २०२४ मध्ये, स्वीडिश मालक कंपनीच्या काटकसरीत, बंद पडला. परदेशातही स्वप्नांना ताळेबंद चुकत नाही. फरक सुरुवातीच्या पैशांत आहे. आमच्या नॉर्थ राईन-वेस्टफालिया राज्याची चित्रपट आणि माध्यम संस्था तयार खेळालाच नव्हे, तर कल्पनेला आणि खेळता येण्याजोग्या पहिल्या नमुन्यालाही मदत देते. महाराष्ट्राच्या धोरणातून अशी छोटी रक्कम, विषय 'वारसा'च असावा ही अट न घालता, चार-पाच जणांच्या चमूला मिळणार असेल, तर ५०,००० कोटींच्या आकड्यापेक्षा मला त्या कलमात अधिक रस आहे.