वीस रुपयांचा एलईडी आणि चारही पेटलेले इंडिकेटर

बाईकवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात असा: इंडिकेटर बंद करायला विसरता? वीस रुपयांचा एलईडी आणा, दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरच्या वायरी त्याच्या एका पायाला जोडा, दुसरा पाय हँडलच्या बोल्टखाली दाबा. एलईडी लुकलुकणाराच आहे, म्हणून रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) नको. लाल घ्या, जितका प्रखर मिळेल तितका चांगला. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) फास्ट झाला तर नवा बसवा. बॅटरी खात नाही, आरटीओ विचारत नाही.

दुखणं खरं आहे. डावा इंडिकेटर चालू ठेवून आपण सरळ निघालो की गल्लीच्या तोंडाशी थांबलेला स्कूटरवाला ‘हा वळतोय’ असं धरून पुढे घुसतो. कारच्या स्टिअरिंगसारखी आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक मोटरसायकलींना नसते. त्यामुळे आठवण करून देणारा दिवा मीही लावलाय. या मेसेजच्या रीतीने मात्र नाही.

आधी रेझिस्टर. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर 12 नव्हे, 14 ते साडेचौदा व्होल्ट मिळतात. साध्या 5 मिलिमीटरच्या लाल किंवा पिवळ्या एलईडीला लागतात साधारण 2, आजकालच्या गडद हिरव्याला 3. उरलेले अकरा-बारा व्होल्ट कुठे जाणार? लुकलुकण्याने काही वाचत नाही, कारण दर फ्लॅशला तो जवळजवळ अर्धा सेकंद पेटलेला असतो आणि आतल्या कणभर चिपला जळायला त्याहून कितीतरी कमी वेळ पुरतो. हा प्रयोग मी करून बसलोय. लाल एलईडी क्षणभर नारिंगी झाला, ‘टक्’ झालं आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. 1 किलोओहमचा रेझिस्टर एक-दोन रुपयांना मिळतो. तो लावला की करंट अकरा-बारा मिलिअँपिअरवर राहतो आणि पाव वॅटचा रेझिस्टर गरमही होत नाही. एक खुलासा करतो: ‘12 व्होल्ट पायलट’ (पायलट म्हणजे खुणेचा दिवा) म्हणून धातूच्या टोपीत जो तयार एलईडी मिळतो, त्याच्या आत रेझिस्टर असतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घेताना नेमका कुठला ते विचारून घ्या. मेसेजमधल्या फोटोत मात्र नागडा एलईडी आहे.

सगळ्यात महागात पडणारी ओळ आहे ‘दोन्ही वायरी एका पायाला जोडा’. एक मित्र रविवारी सकाळी गाडी घेऊन दारात उभा. म्हणाला, ‘डावा दाबला की चारही लागतात रे.’ लागणारच! डावी आणि उजवी वायर एकत्र पिळली म्हणजे दोन्ही सर्किटं एक झाली. डाव्या बाजूचा करंट त्या गाठीतून उजव्या बल्बांना जातो, फ्लॅशरवर दुप्पट लोड येतो आणि मागच्याला आपण कुठे वळतोय ते कळतच नाही. इलाज दोन डायोडांचा. 1एन4007 हा नंबर कुठल्याही दुकानात मिळतो. एक डाव्या वायरवर, एक उजव्या. दोघांच्या चंदेरी पट्ट्याच्या बाजू एकत्र करायच्या, तिथून रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय. डायोड करंट एकाच दिशेने सोडतो, त्यामुळे डाव्याचा उजव्यात जात नाही.

याचंच भावंड म्हणजे ‘मीटरमधला पायलट बल्ब काढून तिथे एलईडी घाला’ हा सल्ला. एकच पायलट असलेल्या बऱ्याच गाड्यांत तो बल्ब डाव्या आणि उजव्या वायरच्या मधोमध टांगलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या बल्बांतून अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) घेतो. बल्बला उलट-सुलट चालतं, एलईडीला नाही. तो एकाच बाजूला लागेल. दुसऱ्या बाजूला उलटे व्होल्ट येतात आणि साधा एलईडी उलट दिशेने जेमतेम 5 व्होल्ट सोसतो.

हँडलच्या बोल्टची अर्थ? हँडल रबरावर बसवलेलं असलं, बोल्टवर रंग असला, तर अर्थ मिळतेच असं नाही. मिळाली तरी ती हँडल ज्यांवर फिरतं त्या ग्रीस भरलेल्या बॉल रेसमधून येते, म्हणजे हँडल वळवलं की दिवा थरथरतो. हारनेसमधली (गाडीच्या वायरींच्या जुडग्यातली) अर्थची वायर घ्या. ती ओळखतानाही जपून: होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये अर्थ हिरवी, डावा नारिंगी, उजवा आकाशी. यामाहाच्या पद्धतीत अर्थ काळी, डावा चॉकलेटी, आणि गडद हिरवी म्हणजे उजवा इंडिकेटर! रंगावर भरवसा ठेवण्याआधी टेस्ट लॅम्प लावा. आणि वायरी पिळून टेप मारू नका. सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा, जोडाशी 1 अँपिअरचा फ्यूज टाका. छोट्या गाड्यांना बहुधा एकच मेन फ्यूज असतो. आपली पातळ वायर कुठे घासून अर्थ झाली तर तो उडतो आणि त्याच्याबरोबर हॉर्न-ब्रेकलाइटही जातात.

बॅटरीबद्दल मेसेज बरोबर आहे. 10 वॅटचे दोन बल्ब दीड-पावणेदोन अँपिअर ओढतात, आपला एलईडी त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नाही. म्हणूनच फ्लॅशर बदलायचा सल्ला फुकट खर्च आहे. इंडिकेटरचे बल्बच काढून एलईडी घातले तर लोड घटतो आणि फ्लॅशर बिथरतो. नुसता दिवा वाढवल्याने नाही. दिवा लावल्यावर लुकलुकण्याची चाल बदललीच, तर एखादा बल्ब उडालाय का किंवा कपलर (वायरींचा जोड) ढिला झालाय का ते बघा.

आरटीओचं म्हणाल तर आपल्याकडे तोंड केलेला हिरवा ठिपका ही काळजीची गोष्ट मला वाटत नाही. लाल आणि प्रखर दिवा हँडलवर लावला आणि तो समोरून दिसू लागला, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 108 वा नियम आडवा येतो: पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये. परवानगी नसलेल्या फेरफाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5000 रुपये दंड आहे, हेही ठाऊक असू द्या. शिवाय मीटरवर लाल म्हणजे बिघाड, इंडिकेटरची खूण हिरवी, ही सवय डोळ्यांना पक्की आहे.

आणि प्रखरतेचा आग्रह नकोच. फुलफेस हेल्मेटमध्ये हनुवटीच्या पट्टीमुळे मीटर अर्धवट दिसतो, म्हणून दिवा वर हवा. मी तो आरशाच्या दांड्याच्या बुडाशी बसवलाय. दुपारी झकास दिसायचा. रात्री कात्रजच्या घाटात मात्र दर लुकलुकीला व्हायझरच्या आतून हिरवा चट्टा उमटायचा आणि वळणाची कड दिसेनाशी व्हायची. घरी येऊन 1 किलोओहम काढून 2.2 टाकला, एलईडीचं डोकं पॉलिश पेपरने घासून धुरकट केलं आणि वर काळ्या स्लीव्हची छोटी टोपी चढवली. आता दुपारी जरा बघावं लागतं, पण घाटात त्रास नाही.