थेरपिस्टचं लग्न झालंय का, हे विचारून काय कळणार?

‘नवरा-बायकोचं बिनसलं असेल तर लग्न झालेल्या काउन्सेलरकडेच जा. जोडप्याने मिळून क्लिनिक चालवलं असेल तर डोळे झाकून जा. घटस्फोट झालेल्याकडे चुकूनही नको.’ कोल्हापुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि तिसरा तर अन्यायाचा आहे.

‘स्वतः संसार केलाय, त्यालाच कळतं.’ संसार केलेल्याला एकच संसार माहीत असतो, स्वतःचा. समुपदेशन बिघडतं ते इथंच. ‘आमच्यात मी पडतं घेतलं, तुम्हीही घ्या’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला झाला. त्यासाठी फी कशाला मोजायची? त्यापेक्षा शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नंबर मागा आणि परिषदेच्या यादीत तपासा. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र चार दिवसांच्या कोर्सवरही लागते. म्हणून जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण झालंय का आणि सुपरव्हिजन कुणाकडे घेता, म्हणजे आपलं काम कुणा अनुभवी थेरपिस्टकडून तपासून घेता, हेही विचारा.

घटस्फोटाबद्दल थोडक्यात. अविवेकी समजुती ओळखून बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांची पहिली दोन लग्नं टिकली नाहीत. त्यांचीच पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली आणि ती आजही अनेकांच्या कामी येते.

आता जोडप्याचं क्लिनिक. अमेरिकेतले जॉन आणि ज्युली गॉटमन हे पती-पत्नी दोघेही मानसशास्त्रज्ञ. पण त्यांच्या पद्धतीचा पाया त्यांचं लग्न नाही. जॉन यांनी प्रयोगशाळेत जोडप्यांचं बोलणं-भांडणं वर्षानुवर्षं नोंदवलं, त्यावर ती उभी आहे. शिकलेला अविवाहित थेरपिस्टही ती वापरतो. तिच्यात आधी दोघांना एकत्र भेटायचं, मग प्रत्येकाला एकट्याने, मग पुन्हा एकत्र बसून काय दिसलं ते सांगायचं. मधली एकट्याची भेट गाळणारा थेरपिस्ट टाळा. घरात मारहाण होत असेल तर बाई ते नवऱ्यासमोर सांगत नाही. सांगितलंच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. मारहाण चालू असताना एकत्र सेशन घेणं धोक्याचं असतं. तिथं आधी सुरक्षिततेचं बघायचं. १८१ ही महिला हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

पती-पत्नी थेरपिस्ट असतील तर आणखी एक गुंता होतो. बायको तिच्याकडे, नवरा त्याच्याकडे, असं वाटून घेतलं की एकाला विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत जाईल का, हे पहिल्याच दिवशी ठरायला हवं, तेही लेखी. नोंदींची फाइल कोण उघडू शकतं? मी एकट्याने सांगितलेलं गुपित जोडीदारापासून राखणार का? दोघे एकमेकांचंच सुपरव्हिजन करत असतील तर चूक दाखवणारं तिसरं माणूस उरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिलाय. पण कोल्हापूरच्या राजारामपुरीत थेरपिस्टच्या वेटिंगला पाहुण्यातलंच कुणी भेटतं, अशा गावात तो राखायला जास्त काळजी लागते. थेरपिस्ट नात्यातला किंवा ओळखीतला निघाला, तर त्यानेच दुसऱ्याकडे पाठवायला हवं.

तीन-चार सेशननंतर काय साधायचं होतं आणि कुठवर आलो, हे तो सांगू शकत नसेल तर बदला. तोवर कुणाशी तरी बोलायचंच असेल तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.