झाडांचा फिश टँक लातुरातही जगतो

मोबाइलवर फिरणारा एक मेसेज मला पाच जणांनी पाठवला. म्हणणं असं: मराठवाड्यात झाडं लावलेला फिश टँक ठेवू नका. बोअरच्या जड पाण्यात मासे टिकत नाहीत, झाडं रात्री ऑक्सिजन ओढून मासे मारतात, उन्हाळ्यात टँक तापतो, आणि पाणीटंचाईत ही चैन शोभत नाही. हौसच असेल तर काचेच्या बाऊलमध्ये एक फायटर मासा ठेवा. लातुरात दहा-बारा वर्षं टँक सांभाळतोय, म्हणून उत्तर देतो.

बादलीला पांढरा थर धरणारं पाणी आपल्याकडं आहे, खरंय. पण डास कमी व्हावेत म्हणून आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडतात ते गप्पी मासे याच पाण्यात पिलं देतात. मोली आणि प्लॅटी त्यांच्याच कुळातले, त्यांना जड पाणीच मानवतं. निऑन टेट्रा मूळचा मऊ पाण्यातला. तो आणला आणि दगावला तर निवड चुकली. वॅलिसनेरिया, हायड्रिला ही पाण्यातली झाडं तर अशा पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन घेतात. त्यांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही.

झाडं रात्री ऑक्सिजन घेतात, पण निरोगी झाडं दिवसा सोडतात त्याच्या मानानं तो थोडा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील, तर आधी टँकमधली गर्दी मोजा.

पाण्याचा आरोप मात्र मला लागतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाही माझा टँक भरलेला होता आणि शेजारी विचारायचे. टँक 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरचा, काठोकाठ भरला तर 54 लिटर. पाणी नासतं ते दर रविवारी अख्खा टँक उपसून खडी नळाखाली चोळण्यात. मासेही त्यानंच मरतात. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो माशांना विष. खडीवरचे आणि फिल्टरच्या स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण ते एका सकाळी धुऊन टाकतो. झाडं अमोनियाही शोषतात, नायट्रेटही. म्हणून मासे मोजके ठेवले की मला पंधरा दिवसांतून दहा लिटरची एक बादली पाणी बदललं की पुरतं. स्पंज काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळतो. ते पिवळट पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं. गटारात थेंबही नाही.

उन्हाळ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागं सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. मे महिन्यात दुपारी माझाही जीव खालीवर होतो. उपाय साधा आहे: झाकण काढा, छोटा पंखा पाण्यावर तिरका सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळं पाणी दोन-तीन अंश उतरतं. रोज बोटभर पाणी उडतं, ते जारच्या पाण्यानं भरा, बोअरच्या नको. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात.

आणि बाऊल? थोडं पाणी सगळ्यात लवकर तापतं, अमोनियाही त्यातच लवकर साठतो. फायटरला निदान वीस लिटर पाणी द्या, आणि वरपर्यंत आलेलं एक रुंद पान. रात्री दिवा मालवला की तो त्या पानावर अंग टाकून निजतो.