जुन्या फर्निचरवर जीव कसा लावावा

जुन्या फर्निचरचा धंदा ज्याचा त्यावर जीव आहे त्यानेच करावा. जीव नसलेला माणूस वस्तू जशी आली तशी पुसून विकतो आणि मोकळा होतो. जीव असलेला दुकानदार शंभर वर्षांच्या कपाटाला आधी नवं करतो, मग त्या नव्याला जुनं करतो, आणि दोन्ही कामांची मजुरी गिऱ्हाइकाकडून घेतो.

या प्रेमाला नागपूरची हवा मानवते. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झालं, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले उठले. १८६७ साली रेल्वे आली. तिकडे महाल-इतवारीत वाडे होतेच. त्यामुळे बंगल्यातली लांब हातांची, वर पाय टाकून पडायची वेताची आरामखुर्ची आणि वाड्यातली पितळी कड्यांची बंगई (म्हणजे झोपाळा) एकाच टेम्पोत भेटू शकतात. चंद्रपूर-आलापल्लीचं सागवान हाताशी आहे. आणि पाडलेल्या वाड्याच्या तुळया घ्यायला लकडगंजचा लाकूडबाजार आहेच. त्या तुळयांतून जुनं फर्निचर नव्याने जन्माला येतं, पण तो विषय पुढे.

आधी वाटणी होत असलेलं घर शोधा. चार भाऊ असले की पाचवे तुम्ही. खिशात टॉर्च ठेवा, मेजाखाली पाठीवर झोपा, खण काढून उलटा करा. खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत बसवलेले असतात. हाताने कापले असतील तर दोन दात सारखे नसतात, आणि त्यांच्या मुळाशी सुताराने टोच्याने ओढलेली बारीक रेघ अजून दिसते. फळीच्या मागच्या अंगावर करवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतील तर हातकरवत, कमानीसारख्या असतील तर गोल पात्याची आरागिरणी. स्क्रूच्या डोक्यावर अधिकची फुली दिसली तर निदान तो स्क्रू तरी १९३० च्या दशकाआधीचा नाही. एकच आडवी चीर असेल, तीही मधोमध नसून जरा सरकलेली, तर स्क्रू हाताने घडवलेला, काळीज धडधडू द्या. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका.

मेज गोल असेल तर टेप काढा. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. सागवान त्यातल्या त्यात कमी आटतं, पण नागपूरचे शंभर उन्हाळे म्हणजे काही थट्टा नाही. तीन फुटी मेज लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेला काही मिलिमीटर आखूड भरलं तर ते खरं म्हातारं. दोन्हीकडून सारखं भरलं तर त्याच्या वयाबद्दल फार बोलू नये.

एवढं पाहून झालं की उठा, कपडे झटका आणि म्हणा, “काकाजी, उधई लागून राहिली याले. आम्ही नेतो बाप्पा, तुमची खोली तरी मोकळी होईल.” भाव किलोवर ठरवा. वर्षांवर भाव विकताना लावायचा असतो. घेताना वर्षांचा विषय काढणं अरसिकपणाचं आहे.

वस्तू दुकानात आली की तिच्यावरचं शतक उतरवायला घ्या. जुन्या लाकडावर लाखेचं पॉलिश, हातांचं तेल, चुलीचा धूर आणि ऊन यांचा मिळून एक थर बसलेला असतो. जाणकार खरेदीदार पैसे मोजतो ते बहुतेक याच थराचे. तो वाचवणं फार सोपं आहे. आडजागी कापसाने थोडं स्पिरिट लावायचं. चिकट झालं तर पॉलिश लाखेचं. मग मऊ फडक्याने मळ काढून लाखेचे दोन पातळ हात दिले की थर जिवंत होतो. पण यात काम केल्यासारखं दिसत नाही. म्हणून ८० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर लावलेलं मशीन फिरवा. नक्षीच्या कडा बोथट होतील, पानाफुलांचे लाडू होतील, हरकत नाही. मुंबईहून आलेलं १९३० च्या दशकातलं आर्ट डेको कपाट असेल तर वरची विनिअर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, दोन मिनिटांत पार होईल आणि आतलं स्वस्त लाकूड हसेल. त्यावर गडद रंग मारा, गिऱ्हाईक त्याला ‘डार्क फिनिश’ म्हणतं.

बसायला खटखट करणारी खुर्ची आली तर तिच्या सांध्यात फेविकॉल भरा. जुना सुतार सरस वापरायचा. सरस गरम पाण्याने मऊ पडतो, सांधा न मोडता सुटतो आणि पुन्हा बसतो. म्हणजे पुढच्या दुरुस्तीची सोय त्यानेच करून ठेवलेली असायची. तुमच्यानंतर कोणी दुरुस्ती करू शकता कामा नये. शेवटचं प्रेम तुमचं असावं.

आता नव्यासारखं चकचकीत झालेलं लाकूड म्हातारं करायचं. एक लिटर पाण्यात चमचाभर पोटॅशियम परमँगनेट टाका. लावल्या लावल्या लाकूड जांभळं दिसतं आणि बघता बघता तपकिरी होतं. फळीची कापलेली टोकं हे पाणी जास्त पितात आणि काळी पडतात, म्हणून तिथे आधी लाखेचा पातळ हात द्यावा. पितळी कड्या अमोनियाच्या वाफेवर बंद डब्यात रात्रभर टांगल्या की त्यांनाही वय येतं. इथवर सगळ्यांना जमतं. घात होतो तो पुढे, उत्साहात. रंग उरतो म्हणून खणाच्या आतून आणि बुडालाही फासला जातो. खऱ्या जुन्या खणाला आतून कोणी कधी पॉलिश केलेलं नसतं. तो कोरडा, राखाडी झाक असलेला असतो. आतून-बाहेरून सारखा तपकिरी खण म्हणजे लेखी कबुलीजबाब.

झिजेचंही तसंच. साखळीने बडवून सगळे कोपरे सारखे मोडू नका. खुर्चीची पुढची दांडी झिजते, कारण तिथे पाय टेकतात. खणाखालच्या पट्ट्या झिजतात. भिंतीकडचा मागचा पाय शंभर वर्षांत कोणाच्या वाटेला गेलेला नसतो. तोही घासलेला दिसला की टॉर्च घेऊन आलेला माणूस नमस्कार करून निघून जातो.

भुंगेऱ्यांची भोकं ही तर कलाच. एक-दीड मिलिमीटरच्या ड्रिलने पाडता येतात, पण ड्रिल सरळ जातं आणि किडा आत वळणं घेतो. बारीक तार घातली की कळतं. उलट, लकडगंजच्या तुळयांपासून ‘दीडशे वर्षांचं’ मेज घडवलं तर किड्याने खोदलेले बोगदे वरच्या पृष्ठभागावर लांब नाल्यांसारखे उघडे पडतात. किडा नाल्या खोदत नाही, तो आत शिरतो आणि बाहेर पडतो. नाली दिसली म्हणजे लाकूड किडल्यानंतर कापलं गेलं, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात मेण भरा.

एकाचं वरचं कपाट आणि दुसऱ्याचा खालचा खणांचा भाग यांचं लग्न लावताना गोत्र बघायची गरज नाही, पण वरचं कपाट उचलून खालच्याचा माथा मात्र बघा. तिथे चांगलं पॉलिश असेल तर तो भाग पूर्वी एकटाच उभा होता. पॉलिश खरवडा. मागच्या फळ्या एकाची उभ्या, एकाची आडव्या असतील तर कपाट भिंतीला टेकवून ठेवा आणि भिंत ओली असल्याचं सांगा.

मग घराणं. राणी व्हिक्टोरिया १९०१ साली वारली, पण नागपुरात व्हिक्टोरियन फर्निचर अजून रोज तयार होतं. राणी १ जानेवारी १८७७ ला हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, त्याच दिवशी इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, त्यामुळे तिच्यावर आपला हक्क आहे. खुर्चीखाली पांढऱ्या रंगात सरकारी खात्याचा नंबर असेल तर तो आधी खरवडून टाका, उगाच चोरीचं वाटतं. त्यानंतर गिऱ्हाइकाला सांगा की ही खुर्ची कमिशनर साहेबांच्या बंगल्यातली. पुरावा मागितला तर दुखावल्यासारखं बघा.

कायद्यापुढे मात्र नम्र व्हावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची कलाकुसरीची वस्तूही येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा तोंडाने १८५० सांगावं आणि बिलावर ‘वापरलेले लाकडी टेबल, १ नग’ असं लिहावं. एकाच टेबलाला दोन वयं असणं हे आपल्याकडे स्थळं बघताना चालतं, इथे का चालू नये?

पॉलिश पावसाळ्यात करू नका. हवेतली ओल लाखेत अडकते आणि वर पांढरट धुकं येतं. मे महिन्यातही नको, स्पिरिट इतकं झपाट्याने उडतं की पॉलिश लावायची कापडी पोटली जागीच चिकटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. चपडा लाख लोखंडी भांड्यात भिजवू नका, काळी पडते. माल दिवाळीनंतर बनवावा आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत खपवावा, कारण त्या हवेत प्रत्येक खण लोण्यासारखा सरकतो.

जुलैत गिऱ्हाइकाचा फोन येईलच. लाकूड ओल पिऊन फुगतं, खण अडकतो. खालच्या पट्टीला मेणबत्ती घासून दोन-तीन महिने थांबलं की तो आपोआप सुटतो, पण हे सांगितलं तर तुमची गरज काय उरली? रंधा घेऊन जा, खण चांगला तासून या. हिवाळ्यात तो इतका सैल होईल की आतल्या वस्तू बाहेरून दिसतील. तेव्हा गिऱ्हाईक कंटाळून टेबल परत घ्यायला सांगेल. मेजाखाली झोपा, टॉर्च मारा आणि म्हणा, “खण तर तासलेला दिसून राहिला, भाऊ. मूळचं काही राहिलंच नाही याच्यात.” मग काटा काढा आणि किलोचा भाव सांगा.