ऊर्जेला प्रभाराने भागलं की विभव, एवढंच आहे का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार.

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. उत्तरही लांबणार आहे, कारण तुमचा एक आक्षेप मला फार मोलाचा वाटला आणि तो दोन ओळींत उडवून लावण्यासारखा नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की विद्युत विभव (इलेक्ट्रिक पोटेन्शियल, व्होल्टमध्ये मोजतात तो) हा त्या जागेचा असतो, आपण तिथे प्रभार (चार्ज) ठेवो वा न ठेवो. आणि स्थितिज ऊर्जा कुणा एका प्रभाराची नसते, सगळ्या प्रभारांच्या मिळून झालेल्या मांडणीची असते. या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात आधी वेगळ्या व्हाव्यात, सूत्र मागून यावं, असा माझा आग्रह होता. तुम्ही बारावीचे आणि नीटचे वर्ग घेता. त्या अनुभवावरून तुम्ही लिहिलंत की ऊर्जेला प्रभाराने भागलं की विभव मिळतो, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही आणि मुलांकडे त्यासाठी वेळही नाही. टेकडी आणि दगडाचं उदाहरण प्रत्येकाला कळतं, ते टाळून मी विषय अवघड केला, असंही म्हणालात. आणि मग तो मोलाचा आक्षेप: ऊर्जा जर मांडणीची असेल, तर तिला एका प्रभाराने भागून आलेली राशी एकाएकी जागेची कशी होते? लेखात ही सरळसरळ विसंगती आहे, असं तुमचं मत.

तिथूनच सुरुवात करतो.

एक प्रभार जागेवर पक्का बसवलेला आहे असं धरा. त्याच्यापासून ठरावीक अंतरावर मी दुसरा प्रभार खूप लांबून आणून ठेवतो आणि त्यासाठी किती कार्य करावं लागलं ते मोजतो. आणलेला प्रभार दुप्पट घेतला तर कार्य दुप्पट होतं. तिप्पट आणि ऋण घेतला तर कार्य तिप्पट होतं, चिन्ह उलटं होतं. दर वेळी भागाकार मात्र तोच येतो. आणलेल्या प्रभाराचा त्या उत्तरात मागमूसही उरत नाही; उरतात फक्त बसवलेला प्रभार आणि अंतर. ऊर्जा दोघांची होती, भागाकाराने त्यातला एक हिशेबातून पूर्णपणे बाहेर गेला. म्हणून जे उरलं ते जागेचं म्हणता येतं. यात विसंगती नाही.

पण तो बाहेर जातो, हे बीजगणिताचं देणं नव्हे. त्यामागे दोन गोष्टी आहेत. बल प्रभाराच्या सम प्रमाणात असतं, ही एक. आणि नवा प्रभार आल्यावर आधीचे प्रभार आपापल्या जागी राहतात, ही दुसरी. दुसरी अट आपण वर्गात क्वचितच बोलून दाखवतो. ती मोडली की काय होतं ते बघा.

अर्थिंग दिलेला, मोठा, सपाट धातूचा पत्रा घ्या. त्याच्यावर काही प्रभार नाही, आसपासही काही नाही. पत्र्यासमोरच्या प्रत्येक बिंदूवर विभव शून्य आहे. आता पत्र्यापासून ५ सेंटिमीटरवर १ मायक्रोकूलोमचा प्रभार आणून ठेवा. तुमच्या नियमाने ऊर्जा प्रभार गुणिले विभव, म्हणजे शून्य यायला हवी. प्रत्यक्षात ती उणे ०.०४५ ज्यूल येते. पत्रा प्रभाराला ओढतो, कारण प्रभार जवळ आल्यावर पत्र्यात विरुद्ध चिन्हाचा प्रभार प्रवर्तित होतो. प्रभार दुप्पट केला तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे इथे ऊर्जेला प्रभाराने भागून येणारी राशी आणलेल्या प्रभाराबरोबर बदलत राहते. तिला त्या जागेचा विभव म्हणता येणारच नाही. भागाकार केव्हा चालतो आणि केव्हा नाही हे ज्याला कळायचं आहे, त्याला विभव आणि ऊर्जा आधी वेगळ्या ओळखता यायला हव्यात. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठी आहे.

‘मांडणीची ऊर्जा’ हा तुम्हाला शब्दांचा पसारा वाटला. म्हणून आता एक आकड्यांचं उदाहरण घेतो, आणि यावर जरा थांबतो, कारण मला वाटतं सगळ्या विषयाची मेख इथे आहे.

३० सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण. तिन्ही कोपऱ्यांवर एकेक मायक्रोकूलोमचे, सारख्या वस्तुमानाचे धन प्रभार. एका जोडीची ऊर्जा ०.०३ ज्यूल होते. जोड्या तीन, म्हणून एकूण ०.०९ ज्यूल. आता मुलांना विचारा: यातली पहिल्या प्रभाराची ऊर्जा किती?

वर्गात बहुतेक हात ‘०.०३’ म्हणून वर येतात. समान वाटणी, दिसायलाही सुंदर. काही मुलं सूत्र लावतात: प्रत्येक कोपऱ्यावर बाकीच्या दोघांमुळे ६० हजार व्होल्ट विभव आहे, त्याला प्रभाराने गुणलं की ०.०६ ज्यूल. मग तिघांचे मिळून ०.१८ होतात, आणि वर्गात कुजबुज सुरू होते, कारण एकूण तर ०.०९ च होते.

आता प्रयोग मनातल्या मनात करून बघू. दोन प्रभार धरून ठेवा आणि एकच सोडा. तो लांब जाईपर्यंत त्याला ०.०६ ज्यूल गतिज ऊर्जा मिळते. मग दुसरा सोडा. त्याला ढकलायला आता एकच उरला आहे, त्याला ०.०३ मिळतात. तिसरा सोडा. तो जागचा हलणारच नाही, त्याला शून्य. बेरीज ०.०९. आणि तिघांना एकदम सोडलं तर प्रत्येकाला ०.०३. म्हणजे त्याच कोपऱ्यावरचा तोच प्रभार तुम्ही कुणाला कधी सोडता त्यावरून ०.०६, ०.०३ किंवा शून्य घेऊन जातो. सुटण्याआधी ‘त्याची’ ऊर्जा किती होती, या प्रश्नाला उत्तरच नाही. ०.०९ ला मात्र प्रत्येक वेळी उत्तर आहे. ऊर्जा मांडणीची असते असं मी म्हणतो तेव्हा मला नेमकं हेच म्हणायचं असतं. हा मला तत्त्वज्ञानाचा भाग वाटत नाही, हे मोजता येणारं भौतिकशास्त्र आहे.

०.१८ चं कोडंही इथेच सुटतं. प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली: एकदा पहिल्याच्या नावावर, एकदा दुसऱ्याच्या. म्हणून निम्मं करायचं. कपॅसिटरच्या, म्हणजे दोन पट्ट्यांवर प्रभार साठवणाऱ्या साधनाच्या, सूत्रातला (ऊर्जा = अर्धा × प्रभार × विभवांतर) अर्धा हाच. तो कुठून आला हे विचारणारा विद्यार्थी दर वर्षी प्रत्येक वर्गात असतो, आणि ‘समाकलन केलं की येतो’ या उत्तराने त्याचं समाधान होत नाही. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. बॅटरीतून ०.०१२ कूलोम प्रभार जातो आणि बॅटरी ०.१४४ ज्यूल खर्च करते, कारण तिच्यासाठी प्रत्येक कूलोम पूर्ण १२ व्होल्टमधून गेलेला असतो. कपॅसिटरमध्ये मात्र ०.०७२ साठतात. पहिला थेंबभर प्रभार गेला तेव्हा पट्ट्यांमध्ये विभवांतर नव्हतंच. शेवटचा गेला तेव्हा ते जवळजवळ १२ झालं होतं. इथे विभव दुसऱ्या कुणी आधी मांडून ठेवलेला नाही, तो याच प्रभाराने तयार होत गेला. उरलेली निम्मी ऊर्जा मुख्यतः तारांत उष्णता होऊन जाते, तारेचा रोध कमी असो वा जास्त.

आता टेकडी. उंची म्हणजे विभव, आणि दगडाचं वस्तुमान धरून झालेला हिशेब म्हणजे ऊर्जा. मी हे उदाहरण वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. तीच टेकडी, दगड लहान की मोठा यावर ऊर्जा वेगळी. एवढं सांगायला ते उत्तम आहे. पण ज्या दोन जागी मुलं अडखळतात, नेमक्या त्याच ते झाकून टाकतं. दगड पडताना पृथ्वी हललेली आपल्याला जाणवत नाही, म्हणून सगळी ऊर्जा दगडाचीच आहे असं वाटायला लागतं. आणि ऋण वस्तुमानाचा दगड जगात नाही, ऋण प्रभार मात्र घरातल्या प्रत्येक तारेत आहे.

दातांच्या डॉक्टरांकडचं एक्स-रे यंत्र घ्या. त्याच्या नळीत साधारण ६० ते ७० हजार व्होल्टचं विभवांतर असतं. ७० हजार धरू. तापलेल्या तंतूतून निघालेला इलेक्ट्रॉन कमी विभवाकडून जास्त विभवाच्या धातूकडे धावतो. टेकडीवर वाढलेल्या मुलाला हे उलटं वाटतं: खालून वर कसा ‘पडला’? जास्त विभव म्हणजे जास्त ऊर्जा, अशी त्याची खूणगाठ बांधलेली असते. पण इलेक्ट्रॉनसाठी जास्त विभवाची जागा ही कमी ऊर्जेची मांडणी आहे, कारण त्याचा प्रभार ऋण आहे. तिथे पोहोचेपर्यंत त्याला ७० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जा मिळते (एक व्होल्ट विभवांतरातून गेल्यावर इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट), आणि म्हणून नळीतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या कुठल्याही फोटॉनची ऊर्जा त्याहून जास्त असू शकत नाही. यंत्रावर जो आकडा लावला जातो तो विभवांतराचा, नळीतून कोण जाणार याच्याशी त्याचा संबंध नाही. ऊर्जा ठरते ती इलेक्ट्रॉन गेला म्हणून.

हायड्रोजनच्या अणूतही हेच दिसतं. प्रोटॉनपासून ५३ पिकोमीटरवर विभव अधिक २७.२ व्होल्ट आहे. त्याच अंतरावर इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची मिळून स्थितिज ऊर्जा उणे २७.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आकडा एक, चिन्हं विरुद्ध. दोन्ही राशी एकच मानणाऱ्या मुलाला हे चिन्ह पाठच करावं लागतं आणि परीक्षेच्या ताणात ते निसटतं. आपण ‘इलेक्ट्रॉनची ऊर्जा’ म्हणतो ते सोयीचं बोलणं आहे. प्रोटॉन सुमारे १८३६ पट जड असल्यामुळे तो जवळजवळ जागेवरच असतो आणि या बोलण्याने काही बिघडत नाही. प्रोटॉनच्या जागी पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण धन प्रभाराचा कण, घातला की ही सोय संपते. दोघांचं वस्तुमान सारखं, दोघेही सारखेच फिरतात, बंधनऊर्जा, म्हणजे दोघांना पूर्ण वेगळं करायला लागणारी ऊर्जा, हायड्रोजनच्या १३.६ च्या निम्मी, म्हणजे ६.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ती दोघांपैकी कुणाची, हे कुणी सांगू शकेल का?

जाता जाता इतिहासाबद्दल. आधी ऊर्जा, तिच्यातून विभव, हा क्रम आपल्या पुस्तकांचा आहे. विषय त्या क्रमाने वाढला नाही. नॉटिंगहॅमजवळ वडिलांची पिठाची गिरणी सांभाळणाऱ्या जॉर्ज ग्रीनने १८२८ साली वर्गणीदार मिळवून एक निबंध छापला. त्यात विभव येतो तो प्रत्येक प्रभाराला त्याच्या अंतराने भागून केलेल्या बेरजेच्या रूपात. तिथे नवा प्रभार आणून त्याची ऊर्जा मोजण्याची गरज पडत नाही. स्कॉटिश अभियंता रँकिनने स्थितिज ऊर्जेला तिचं आजचं नाव दिलं ते १८५३ मध्ये, तब्बल २५ वर्षांनी. पुस्तकांचा क्रम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण विभवाला स्वतःच्या पायावर उभं करता येतं, हे यातून दिसतं.

अनंत अंतरावरचं शून्य मनमानी आहे, मग विभव खरा कसा, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. शून्य कुठे धरायचं ते आपल्या हातात आहे, दोन बिंदूंमधला फरक आपल्या हातात नाही. अनंत लांबीच्या प्रभारित तारेसाठी तर अनंतावर शून्य धरताच येत नाही. तिथे जवळचा एखादा बिंदू शून्य मानून काम करतात, आणि फरक बरोबर येतात.

राहिला वेळेचा मुद्दा. तो खरा आहे, आणि तुमच्यावर अभ्यासक्रमाचं किती ओझं असतं याची मला कल्पना आहे. मी पूर्ण तास मागत नाही. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी त्रिकोणाचं गणित घाला आणि एकच प्रभार सोडला तर काय, दोन सोडले तर काय, हे मुलांना करू द्या. पंधरा मिनिटं जातात. त्यानंतर दोन सजातीय समान प्रभारांच्या मध्यबिंदूवर विद्युत क्षेत्र शून्य पण विभव शून्य नाही, आणि दोन विजातीय समान प्रभारांच्या मध्ये त्याच्या उलट, हा नीटचा नेहमीचा प्रश्न मुलं स्वतःच सोडवतात. तुमच्या पुढच्या तुकडीत करून बघाल का? पहिल्या उत्तरात किती जण ०.०३ म्हणतात आणि किती ०.०६, ते इथेच खाली लिहा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.